‘लघु भगोष्ठ’ लिहावे की ‘आतले ओठ’?

सोलापुरातील महाविद्यालयीन मुलींसाठी आरोग्याचे माहितीपत्रक तयार करणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाला ‘योनी’ म्हणावे, ‘भग’ म्हणावे की ‘गुप्तांग’ लिहून मोकळे व्हावे. आणि भगाच्या आतल्या व बाहेरच्या ओठांसाठीचे ‘लघु भगोष्ठ’, ‘बृहत् भगोष्ठ’ हे पाठ्यपुस्तकी शब्द तसेच ठेवावेत काय.

बाहेरून जे दिसते ते ‘भग’ आणि तेथून गर्भाशयाच्या मुखापर्यंत आत जाणारा मार्ग ती ‘योनी’. बोलताना आपण दोन्हींना ‘योनी’च म्हणतो, परंतु खाज बाहेर आहे की दुखणे आत आहे, हे मुलीला डॉक्टरांसमोर नेमके सांगता यावे अशी इच्छा असेल, तर पत्रकात हा भेद पाळावा.

‘भग’ लिहिताना हात अडखळतो, असे ताई म्हणतात. हा शब्द ‘भज्’ म्हणजे वाटून देणे या धातूपासून आला असून वाटा, भाग्य, ऐश्वर्य हे त्याचे जुने अर्थ आहेत. ऋग्वेदात भग नावाचा देव आहे, आणि ‘सुभग’पासून ‘सौभाग्य’ झाले आहे. लग्नपत्रिकेतील ‘सौ.कां.’मध्ये अर्थ भाग्याचा आहे, अवयवाचा नाही, हे खरे. पण शब्द तोच आहे, आणि जो शब्द आपण पत्रिकेवर छापतो तो माहितीपत्रकावर छापताना संकोचण्याचे कारण मला दिसत नाही.

‘गुप्तांग’ मात्र टाळावे. तो शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही लागतो, त्यामुळे त्यातून कोणताच अवयव कळत नाही. कळते ते इतकेच की काहीतरी लपवायचे आहे. ही खोड केवळ आपली नव्हे. पाश्चात्त्य वैद्यकात या भागाला ‘पुडेंडम’ म्हणत आणि त्याच्या मुळाशी लाज वाटणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेच्या २०१९ च्या आवृत्तीत स्त्रीच्या बाह्यांगासाठीचे ते नाव वगळले गेले. तेथील मज्जातंतूच्या नावात ते अजून टिकून आहे. आपल्याकडे पंढरपुरी म्हैस माजावर आली की ‘निरण सुजले आहे, सोट गळतो आहे’ असे घरातील बाई दूध न्यायला आलेल्या माणसालाही सहज सांगते. निरण म्हणजे म्हशीचे भग, सोट म्हणजे माजातला चिकट स्राव. म्हशीच्या अवयवाला असा बिनलाजेचा शब्द आहे आणि स्वतःच्या अवयवाला तीच बाई ‘खालची जागा’ म्हणते, याचे मला फार वाईट वाटते.

आता ‘लघु’ आणि ‘बृहत्’. माझ्या मते सर्वाधिक हानी येथे होते. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील एका बैठकीत मी असेच एक पत्रक वाचून दाखवले होते. बायका उठून गेल्यावर विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसलेली एक नवविवाहिता मागे राहिली. सुपातील पानांवरची नजर न काढता तिने विचारले, “बाई, कागदात ‘लघु’ लिहिलंय. माझं तसं नाही. कापून बारीक करतात म्हणे, खर्च किती येतो?” तिच्या शरीरात काहीही बिघडलेले नव्हते, चूक आमच्या विशेषणाची होती. ‘लघु’ हे स्थान सांगत नाही, माप सांगते, आणि जे माप नावातच आले ते वाचणारीला नियमासारखे वाटते. प्रत्यक्षात आतले ओठ बाहेरच्यांपेक्षा लांब असणे, त्यांची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणे, कडा सुरकुतलेल्या असणे आणि रंग आजूबाजूच्या त्वचेहून गडद असणे, हे सर्व नेहमीचे आहे. लंडनमधील डॉक्टरांनी ५० स्त्रियांची मापे घेऊन २००५ साली प्रसिद्ध केली, तेव्हा या आतल्या ओठांची रुंदी ७ पासून ५० मिलिमीटरपर्यंत आढळली. एवढ्या फरकाच्या गोष्टीला एकच ‘लघु’ कसे पुरेल? मूळ लॅटिन नावातही हीच ‘लहान-मोठे’ची जोडी आहे, आपण भाषांतरासोबत दोषही उचलला.

म्हणून मी ‘आतले ओठ’ आणि ‘बाहेरचे ओठ’ सुचवते. ‘ओष्ठ’ म्हणजे ओठच, तेव्हा अर्थ कोठेही ढळत नाही. शिवाय सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलींनाही ‘ओठ’ चटकन कळतो, ‘भगोष्ठ’ची मात्र फोड करून सांगावी लागते. परीक्षेला पाठ्यपुस्तकी शब्द लागतो, त्यामुळे तो एकदा कंसात द्यावा आणि पुढे सर्वत्र साधा शब्द वापरावा. ‘नॉर्मल आकार’ हा शब्दप्रयोगही गाळावा, कारण तो वाचताच मुलगी तुलनेला लागते.

पत्रकासाठी मजकूर असा करता येईल: “भगाला बाहेरचे दोन आणि आतले दोन ओठ असतात. आतले ओठ बाहेर दिसतात किंवा दिसत नाहीत, दोन्ही बाजू सारख्या असतात किंवा नसतात, रंग फिकट असतो किंवा गडद. आरशात एकदा पाहून घ्या. पुढे कधी गाठ, जखम किंवा सूज आली, तर बदल तुमच्या लक्षात येईल.”