उपासमार, कुपोषण आणि भूकबळी

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत ‘उपासमार’, ‘कुपोषण’, ‘भूकबळी’ हे शब्द आलटून पालटून येतात, तर ते समानार्थी आहेत का? आणि कुपोषण म्हणजे गरिबीचंच दुसरं नाव समजायचं का?

समानार्थी नाहीत. उपासमारीत पोटात अन्नच पडत नाही. कुपोषणात ते रोज पडतं, पण वाढीला पुरत नाही किंवा हवं तसलं नसतं. ‘कु’ हा उपसर्ग बिघाड दाखवतो, तुटवडा नव्हे. कुप्रसिद्ध माणसाला प्रसिद्धीची काही कमी नसते! म्हणून काटेकोर अर्थाने वेफर्स-बिस्किटांवर लठ्ठ झालेलं मूलही कुपोषितच. नुसती कमतरता सांगायला ‘अल्पपोषण’ आहे, पण तो शब्द बोलण्यात फारसा रुळला नाही.

घरातल्या बोलीत हा फरक आहेच. ‘पोटाला मिळत नाही’ ही उपासमार. ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’, ‘पोरानं बाळसंच धरलं नाही’ हे कुपोषण. अंगी न लागण्यामागे वरचेवरचे जुलाब असतात, जंत असतात, आईचंच गरोदरपणातलं कमी वजन असतं, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न उशिरा किंवा नुसतं पातळ मिळालेलं असतं. अंगणवाडीताई मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर 11.5 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल भागात आला की मूल तीव्र कुपोषित, मग ते सकाळी पोटभर भात खाऊन आलेलं का असेना. कागदोपत्री त्याला ‘सॅम’ म्हणतात (‘सिव्हिअर अक्यूट मालन्यूट्रिशन’चं लघुरूप).

आता गरिबी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातली 46 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी (म्हणजे दीर्घकाळ कुपोषित) निघाली, सर्वांत सधन हिश्शातली 23 टक्के. दुपटीचा फरक आहे, तेव्हा उत्पन्नाचा संबंध नाकारता येत नाही. पण सधन थरातही जवळपास चौथा हिस्सा खुजा आहे, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बसवताही येत नाहीत. महाराष्ट्राचंच बघा: पैशाने पुढारलेलं राज्य, आणि खुजी मुलं 35 टक्के, जवळजवळ देशाइतकीच.

शिवाय पैसा कसा मिळतो यालाही महत्त्व आहे. पालघरकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मजुरीची उचल आधीच घेतलेली, बऱ्याचदा खर्चूनही झालेली. आई दिवसभर विटांच्या कामात. दीड वर्षाच्या लेकराला थोडं थोडं करून चार-पाच वेळा भरवायला हवं, ते सकाळ-संध्याकाळ दोनदाच जेवतं. गावातली अंगणवाडी तर मागेच राहिली. इथे ‘उपासमार’ लिहिणं चूक, आणि ‘आईचं अज्ञान’ लिहिणं त्याहून मोठी चूक.

‘भूकबळी’ मात्र फार जपून वापरावा. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या (तेव्हा ठाणे जिल्हा) वावर-वांगणीत बालमृत्यू झाले. अशा वेळी बातमीत भूकबळी आणि नोंदीत न्यूमोनिया किंवा जुलाब, हा वाद ठरलेला. नोंद खोटीच असते असं नाही; धडधाकट मूल ज्या जुलाबातून उठतं, त्यात कुपोषित मूल जातं. ‘कुपोषित मूल न्यूमोनियाने दगावलं’ असं लिहिलं की आजार आणि त्यामागचं कारण दोन्ही वाचकाला कळतात.

‘कुपोषणग्रस्त’ही चुकीचा नाही, पण ‘कुपोषित’ असताना एवढा लांब शब्द कशाला?