ब्रॅकेटला जोड नको

प्रश्न : वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी घरी आहे. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. म्हणून पुढचे ड्रम काढून डिस्क बसवायचा विचार आहे. दुसऱ्या गाडीच्या डिस्क, त्यांना पॅडने आवळणारे कॅलिपर आणि कॅलिपर जागेवर धरणारे ब्रॅकेट भंगारातून आणले, पण ब्रॅकेटची भोकं १८ मिलिमीटरने चुकतात. माझ्याकडे २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे. घराचं गेट, खिडक्यांच्या जाळ्या मीच केल्या. ब्रॅकेट कापून मधे १० मिलिमीटर पाट्याचा तुकडा जोडला तर चालेल का? रॉड कोणता घेऊ?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : चालणार नाही. कोणत्याही रॉडने चालणार नाही. माझी उमेदीची वर्षं पिथमपूरच्या टूलरूममध्ये गेली आणि तिथे वेल्डिंगवर माझं मनापासून प्रेम होतं, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहितो.

आधी ब्रॅकेट कशाचा आहे ते बघा. कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवा. ठिणग्या लांब, पांढऱ्या-पिवळ्या उडाल्या तर पोलाद. आखूड, लालसर निघून ग्राइंडरच्या चाकाजवळच विझल्या तर बीड, म्हणजे कास्ट आयर्न. अंगावर वाळूच्या साच्याचा खरबरीतपणा आणि मधोमध साच्याची रेघ दिसली तरी बीडच समजा. कॅलिपरचे पुष्कळ ब्रॅकेट बिडाचेच असतात. साध्या ६०१३ रॉडने बीड जोडलं की जोडाशेजारची पट्टी काचेगत कडक होते. वरून जोड सुरेख दिसतो आणि तडा त्याच्या कडेने जातो, कधी थंड होतानाच, कधी महिन्यांनी.

आता जोर किती येतो ते बघू. गाडी माणसांसह ११०० किलो धरा. करकचून ब्रेक मारल्यावर पुढच्या एका चाकाला रस्ता सुमारे ३०० किलोने मागे रेटतो. टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटरच्या आसपास, पॅडची पकड मात्र केंद्रापासून जेमतेम १० सेंटिमीटरवर. म्हणजे ब्रॅकेटवर जवळपास तिप्पट, पावणेनऊशे किलो, आणि तेही प्रत्येक ब्रेकला पुन्हा पुन्हा. गेटच्या जोडाला आयुष्यात असा भार येत नाही.

तुमचा ब्रॅकेट पोलादाचा निघाला तरी माझं उत्तर तेच. १० मिलिमीटर जाडीत कडा तासून व्ही आकाराची खाच केली नाही तर धातू मुळापर्यंत वितळत नाही. स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची मळी, आत अडकते आणि वरून कळत नाही. ७०१८ रॉड चांगला, पण तो ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून घ्यावा लागतो. इंदूरच्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो, त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि तडा दुसऱ्या दिवशी उमटतो. शिवाय तापलेला ब्रॅकेट वाकतो. कॅलिपर डिस्कला समांतर राहिला नाही की पॅड एका कडेने झिजतात.

डिस्क बसवायचीच असेल तर जोडच ठेवू नका. पुठ्ठ्याचा नमुना कापून नकलवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि कॅलिपरवर लावून बघा, मग १२ मिलिमीटर पाट्यातून अख्खा ब्रॅकेट एका तुकड्यात कापून घ्या. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात मिलिंगवाले आहेत; भोकं त्यांच्याकडूनच पाडून घ्या, घरच्या ड्रिलने नको. बोल्ट १०.९ ग्रेडचे, आणि ब्रॅकेटच्या भोकात आटे नव्हे, बोल्टचा बिनआट्याचा भाग यायला हवा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बारीक तडे दाखवणारं डाय पेनिट्रंट मारून बघा: लाल रंग, पुसून वर पांढरी पावडर. लाल रेघ उमटली तर तो तुकडा भंगारात. हे सगळं करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.

एक ताकीद गेटच्या कामालाही लागू आहे. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर फवारलेल्या लोखंडावर आर्क लावू नका. त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

पण खरं सांगू? तुमच्या तक्रारीचं मूळ ड्रमातच असावं. गाडी डावीकडे ओढते म्हणजे बहुधा उजवं चाक कमी धरतंय. उजवा ड्रम उघडा. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनिंग ड्रमवर ढकलणारा) गळून लायनिंगला ऑइल लागलंय का, पिस्टन अडकलाय का, ते बघा. ब्रेक ऑइलचा जुना रबरी होज, म्हणजे नळी, आतून फुगला तरी दाब पोचत नाही, बाहेरून तो धडधाकट दिसतो. तिथली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. लायनिंग आणि होज बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदम बदला. नीट केलेले ड्रम शहरात फिरायला पुरेसे आहेत, आणि वडिलांची गाडी जशी होती तशी राहील. उजव्या ड्रमात काय निघालं ते जरूर कळवा.