सोसायटीत महिनोन्महिने उभ्या मोटरहोमची लिथियम बॅटरी सोलरवर सोडून द्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम, आत १२ व्होल्टची २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर २०० वॅटची दोन पॅनेल आणि ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा). गाडी कांदिवलीच्या सोसायटीत उघड्यावर दोन-तीन महिने उभी असते, पावसाळ्यात वर ताडपत्री. सोलर चालू ठेवायचं की बंद करायचं? आणि पावसाळा संपल्यावर बॅटरी शून्य व्होल्ट का दाखवत होती?

गाडी महिन्याच्या आत निघणार असेल तर सोलर चालू ठेवा, पण कंट्रोलरचं व्होल्टेज सेटिंग खाली आणा. त्याहून जास्त दिवस उभी राहणार असेल, आणि तीही ताडपत्रीखाली, तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणून आधी पॅनेल आणि मग बॅटरी वेगळी करून ठेवा. फुल करून ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नेहमी फुल ठेवायची हे आपल्या अंगवळणी पडलंय, आणि तिच्यासाठी ते बरोबरच आहे, कारण अर्धवट चार्जवर तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट राहण्याचा काहीच त्रास होत नाही. तिला त्रास होतो तो फुल चार्ज आणि उष्णता एकत्र आल्या की. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत सीटखालच्या कप्प्यात बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त तापतं. अशा जागी रोज सकाळी ऊन आलं की बॅटरी १४ व्होल्टच्या वर नेऊन ठेवणं म्हणजे गाडी एक किलोमीटरही न चालता बॅटरीची क्षमता घटवणं. सोलर बॅटरीला खराब करत नाही, वापरातलं सेटिंग गाडी उभी असतानाही तसंच राहिलं की नुकसान होतं.

वापरात असताना अ‍ॅब्सॉर्प्शन (बॅटरी भरतानाचं वरचं व्होल्टेज) १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५, इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडला अधूनमधून मुद्दाम दिलेलं जास्त व्होल्टेज) बंद, टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (तापमानानुसार व्होल्टेज बदलणं) बंद. शेवटची दोन नक्की तपासा, कारण स्वस्त कंट्रोलरमध्ये ती लेड-अ‍ॅसिडच्या हिशेबाने चालू असतात. इक्वलायझेशन व्होल्टेज १५ च्या आसपास नेतं, बीएमएस (बॅटरीच्या आतलं, सेल सांभाळणारं सर्किट) वैतागून बॅटरी तोडतो, आणि मग काय होतं ते पुढे सांगतो. गाडी उभी करताना अ‍ॅब्सॉर्प्शन आणि फ्लोट दोन्ही १३.२ करा.

१३.५ का नाही? चार सेलांच्या या बॅटरीचा व्होल्टेजचा आलेख मधल्या भागात जवळपास सपाट असतो. चार्जिंग नाही, लोड नाही अशा स्थितीत १३.० व्होल्टला साधारण ३० टक्के, १३.१ ला ४०, १३.२ ला ७० आणि १३.३ ला ९० टक्के चार्ज असतो. १३.५ वर आठवडाभर धरून ठेवली तर ती हळूहळू जवळपास फुल होते. याच सपाटपणामुळे कंट्रोलरच्या मोजमापातली ०.१ व्होल्टची चूकही ३० टक्के चार्जचा फरक पाडते. म्हणून ऊन असताना चांगल्या मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, कंट्रोलर काय दाखवतो ते बघा, आणि जेवढा फरक दिसेल तेवढं सेटिंग सरकवा. खरी टक्केवारी हवी असेल तर निगेटिव्हला शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा भाग) बसवलेला बॅटरी मॉनिटरच लागतो. व्होल्ट बघून टक्के सांगणारी तीन दांड्यांची मीटरं लिथियमवर निरुपयोगी आहेत. आणखी एक गोष्ट: बॅटरी आधीच ९० टक्क्यांवर असेल तर नुसतं सेटिंग बदलून ती खाली येणार नाही. एक रात्र पंखा आणि फ्रीज चालवून उतरवा.

आता शून्य व्होल्ट. बॅटरी बिघडलेली असेलच असं नाही. ताडपत्रीमुळे सोलर जवळपास शून्य झालं आणि आत काहीतरी चालू राहिलं. बहुतेक वेळा ते काहीतरी म्हणजे इन्व्हर्टर. १०००-२००० वॅटचा इन्व्हर्टर काहीही न जोडता स्टँडबायवर १ ते २ अँपिअर खातो. दिवसाला २४ ते ४८ एएच, म्हणजे फुल भरलेली २०० एएच बॅटरी चार ते आठ दिवसांत रिकामी. त्यापुढे गॅस अलार्मचे ०.१ अँपिअर, म्युझिक सिस्टिमची मेमरी, वोल्टमीटरवाले यूएसबी सॉकेट हे सगळं किरकोळ, पण दीड महिन्यात तेही बॅटरी बसवतात. सगळं बंद केल्यासारखं वाटतं तेव्हा डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्ह वायरवर लावा. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, घेताना बघून घ्या. २०-३० मिलिअँपिअर दिसले तर ठीक, ०.३ अँपिअर दिसले तर एकेक फ्यूज काढत चोर शोधा.

बॅटरी तळाला गेली की सेल वाचवण्यासाठी बीएमएस आउटपुटच तोडतो, म्हणून टर्मिनलवर शून्य. आणि इथे लोक फसतात: ताडपत्री काढून कडक उन्हात गाडी ठेवली तरी चार्जिंग सुरू होत नाही, कारण बहुतेक एमपीपीटींना चालू व्हायलाच आधी बॅटरीचं व्होल्टेज दिसावं लागतं. अशा वेळी सगळे लोड तोडा, लिथियम मोड असलेला आणि झोपलेला बीएमएस जागा करू शकणारा २३० व्होल्टचा चार्जर जोडा, आणि ५-१० अँपिअरने सुरुवात करा. टर्मिनल १२ च्या वर गेलं की पुढचं सोलर बघून घेईल. बीएमएसला ब्लूटूथ असेल तर त्याआधी अ‍ॅपवर चारही सेल बघा. एखादा सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर बळजबरीने चार्ज करू नका, बॅटरी विक्रेत्याकडे न्या. तिथे आतून शॉर्ट होण्याचा खरा धोका असतो.

बॅटरी तोडून ठेवताना क्रम चुकवू नका. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये डीसी एमसीबी हवाच. तो आधी पाडा, कंट्रोलरवर पॅनेलचे वॅट शून्य झालेले बघा, आणि मगच बॅटरीचा मेन स्विच फिरवा. जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनेल. मेन स्विच आधी बंद केला तर गाडीच्या १२ व्होल्टच्या लाइनवर एकटा सोलर कंट्रोलर उरतो. व्होल्टेज धरून ठेवणारी बॅटरीच नसते, ढग सरकला की ते वर-खाली होतं. जुन्या, साध्या पीडब्ल्यूएम प्रकारच्या कंट्रोलरमध्ये तर पॅनेलचे १८-२० व्होल्ट थेट लाइनवर येऊ शकतात आणि एलईडी, पंप, म्युझिक सिस्टिम उडतात. फुल झालेली बॅटरी बीएमएसने तोडली तरी नेमकं हेच होतं, म्हणून इक्वलायझेशन बंद ठेवायचं. एमसीबी डीसीचाच घ्या आणि त्यावरची प्लस-मायनसची खूण बघून जोडा. घरातला एसी एमसीबी डीसीची ठिणगी तोडेलच याची खात्री नाही. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो आणि ठिणगी विझते, डीसीत तशी संधी मिळत नाही. उलटा जोडलेला ध्रुवीय एमसीबीही असाच आतून जळतो.

असं तोडून ठेवल्यावर बॅटरी स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्के उतरते, बीएमएस थोडं खातो. ५०-६० टक्क्यांवरून तीन महिने आरामात निघतात. दीड महिन्याने एकदा मल्टिमीटर लावून १३ च्या आसपास आहे ना बघितलं की पुरे.

उन्हाळ्यात सोलर चालू ठेवणार असाल तर कबुतरांची विष्ठा दर पंधरा दिवसांनी धुऊन काढा. एका कोपऱ्यावरचा वाळलेला थरही त्या सेलांची अख्खी रांग बसवतो. इमारतीची सावली एकाच पॅनेलवर पडत असेल तर दोन्ही पॅनेल सिरीजऐवजी पॅरलल जोडणं बरं. समुद्राची खारी हवा तांब्याच्या उघड्या लगांना (वायरच्या टोकाला बसवलेल्या कड्यांना) हिरवं करते. कथील चढवलेले लग वापरा, क्रिंपवर (दाबून केलेल्या जोडावर) हीट-श्रिंक नळी चढवा, टर्मिनल घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. घट्ट करण्याआधी लावू नका.

गाडीची स्टार्टरची बॅटरी वेगळी आणि लेड-अ‍ॅसिड आहे, तिला हे सगळे नियम उलटे. ती फुलच हवी, आणि बीएस-६ गाडीची इलेक्ट्रॉनिक्स तिला तीन-चार आठवड्यांत बसवू शकतात. ती फुल चार्ज करून, १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढून ठेवा.

निघायच्या दोन दिवस आधी सेटिंग परत १४.२ आणि १३.५ करा. स्वच्छ उन्हात ४०० वॅटची पॅनेल दिवसाला दीडेक किलोवॅट-तास देतात, म्हणजे ११०-१२० एएच. अर्ध्यावरची बॅटरी दुसऱ्या दिवशी फुल होते. ती १४.२ वर तास-दीड तास राहू द्या. बीएमएस सेलांचं व्होल्टेज सारखं करतो ते या वरच्या टोकालाच, आणि मॉनिटरचा १०० टक्क्यांचा हिशेबही इथेच जुळतो. स्पिती-लडाखकडे जाणार असाल तर बीएमएसचं थंडीतलं चार्जिंग-कट चालू आहे ना बघा. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलच्या आत धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. कट नसेल तर सकाळी गाडीचा आतला भाग गरम होईपर्यंत पॅनेलचा एमसीबी पाडलेलाच ठेवा.