ब्रॅम्ली लावण्याआधी
इंग्लंडात घरामागे जागा आहे म्हणून ब्रॅम्ली जातीचं सफरचंद लावणार असाल, तर रोपवाटिकेत आधी खुंट, म्हणजे कलम कोणत्या मुळावर बांधलंय ते, विचारा. झाड मुळातच दांडगं. छोट्या बागेला झाड बुटकं ठेवणाऱ्या एम ९ किंवा एम २६ खुंटावरचं कलम बरं. शिवाय या जातीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे तिचे पराग जवळजवळ निकामी. त्याच सुमारास फुलणारी वेगळ्या जातींची आणखी दोन झाडं जवळपास हवीत. शेजाऱ्यांची चालतात, मधमाश्या कुंपण मानत नाहीत. छाटताना हात आवरा: काही फळं फांद्यांच्या टोकालाच धरतात.

फळ मोठं, हिरवं, चपटं आणि सणसणीत आंबट. कच्चं चाखून नाक मुरडू नका, हे शिजवायचंच सफरचंद. गर पार विरघळतो, म्हणून चटणीला आणि कैरीऐवजी आमटीत झकास. मुरांब्याच्या फोडी अख्ख्या हव्यात तर दुसरी जात घ्या. साउथवेल गावात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने पेरलेल्या बियांतून मूळ झाड आलं; नाव मात्र पुढे ते घर विकत घेणाऱ्या खाटकाचं लागलं!

ऑक्टोबरात उतरवा. डागी फळं लगेच वापरा, बाकीची थंड जागी एकमेकांना न टेकवता ठेवा. फेब्रुवारीपर्यंत सहज पुरतात.