त्याची गोष्ट त्याच्याकडेच राहू दे

प्रिय मावशी,

मी रत्नागिरीत कॉलेजला आहे, टीवायला. यंदा ६ सप्टेंबरला आम्ही काही मुलं मिळून कॉलेजात विविधतेचा दिवस साजरा करायचं म्हणतोय. इंद्रधनुष्याच्या रंगांची रांगोळी, पोस्टरं, पथनाट्य, सेल्फी पॉइंट, असं सगळं. माझा एक अगदी जवळचा मित्र आमच्याच वर्गात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने फक्त मला सांगितलं की त्याला मुलगे आवडतात. गावच्या नमनाच्या खेळात तो गौळणीत राधा होतो, त्यावरून वर्गातली मुलं त्याला ‘गौळण’ म्हणूनच हाक मारतात. मला वाटलं, त्याने स्टेजवर येऊन आपली गोष्ट सांगितली तर सगळ्यांची तोंडं बंद होतील. म्हणून ग्रुपमधल्या चौघांना मी त्याच्याबद्दल सांगितलं आणि मग त्याला विचारलं. तो काही न बोलता उठून गेला. आठ दिवस झाले, फोन उचलत नाही. चौघांना माहीत आहे, हे त्याला अजून कळलेलं नाही. दर गणपतीला तो आमच्याकडे भजनाला येतो, यंदा येईलसं वाटत नाही. आई म्हणते, “ही मुंबईची खुळं आपल्याकडे कशाला? लोक तुलाही तसलीच समजतील.” प्राचार्य म्हणतात, “बघू.” कार्यक्रम रद्द करू का? मी चांगलंच करायला गेले होते ना?

– तुझी भाची, रत्नागिरी

बाय माझे,

कार्यक्रम रद्द करू नको. पण त्याआधी एक काम आहे आणि ते कार्यक्रमापेक्षा कठीण आहे, म्हणून तेच पहिल्यांदा लिहिते.

त्याने जे विश्वासाने तुझ्यापाशी ठेवलं होतं, ते तू चौघांना वाटलंस. तुझ्या मनात वाईट नव्हतं हे पत्रातल्या ओळीओळीतून दिसतं. तरी ते तुझं नव्हतं. स्टेजवर बोलायला घाबरून तो उठून गेला असं मला वाटत नाही. अख्ख्या गावासमोर रात्रभर नाचणारा मुलगा तो, त्याला स्टेजचं काय भय? त्याच क्षणी तो हिशेब मांडायला लागला असेल. हिने आणखी कुणाला सांगितलं असेल, आणि तिथून घरी पोचायला किती दिवस लागतील.

आपल्याकडे हा हिशेब फार लवकर पुरा होतो गो. दुपारी चारला कॉलेजच्या पोर्चमध्ये काढलेला फोटो दिवेलागणीला वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतो. त्या ग्रुपवर गावातले असतात, विरार-नालासोपाऱ्यातले चाकरमानीही असतात, आणि ते सगळे थोड्याच दिवसांत गणपतीला घरी येणार. शहरातल्या मुलाला दोन गल्ल्या सोडल्या की कुणी ओळखत नाही. तुझ्या मित्राला एसटीचा कंडक्टरसुद्धा अमक्याचा झिल म्हणून ओळखत असेल.

तेव्हा जा आणि त्याला सांग. फोनवर नको, लांबलचक मेसेज तर नकोच, मेसेज कुणाच्याही हाती पडतो. समोर जा. चौघांना सांगितलंय हे सांग, कोणकोण ते नावांसकट सांग, म्हणजे कुणासमोर किती जपायचं ते त्याला ठरवता येईल. ‘तुझ्या भल्यासाठीच केलं’ हे वाक्य उच्चारू नको. चूक झाली म्हण आणि गप्प बस. तो चिडेल, रडेल, किंवा तुझ्याकडे बघणारही नाही. ते सोसायची तयारी ठेवून जा. त्याआधी त्या चौघांना गाठ आणि हे पाचव्या कानापर्यंत जाता कामा नये, असं निक्षून सांग.

मी एवढी आग्रहाने का लिहिते, त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्याच एका गावात मुलींच्या वसतिगृहावर मी साहाय्यक रेक्टर होते. एका खोलीतल्या दोन मुलींचा एकमेकींवर जीव होता. त्यांची एक चिठ्ठी तिसऱ्या मुलीच्या हाती लागली. तिने ती मैत्रिणीला दाखवली, मैत्रिणीने आणखी कुणाला, आणि तीन दिवसांत ती ऑफिसच्या टेबलावर आली. चौथ्या दिवशी त्यांतल्या एकीचे वडील आले. पेटीचं कुलूप सापडेना म्हणून त्यांनी ती सुंभाने बांधली आणि दुपारच्या गाडीने मुलीला घेऊन गेले. रजिस्टरात ‘घरगुती कारणास्तव’ असं मी माझ्या हाताने लिहिलं. परीक्षा वीस दिवसांवर होती. तिचं हॉलतिकीट माझ्या खणात राहिलं, ते न्यायला कुणीच आलं नाही. त्या चार दिवसांत मी एक शब्दही बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर कदाचित ती निदान पेपरला तरी बसली असती. बघ, त्या पहिल्या मुलीच्या मनातसुद्धा दुष्टावा नव्हता. तिने फक्त एकीला सांगितलं होतं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणसाचा लैंगिक कल हा त्या खासगीपणाचा गाभ्याचा भाग आहे, असं त्या निकालात आहे. तुम्ही ज्या ६ सप्टेंबरला रांगोळी काढणार, त्याच तारखेला २०१८ मध्ये कलम ३७७ वरचा निकाल आला, सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा. तो याच पायावर उभा राहिला. म्हणजे बोलायचा हक्क आणि न बोलायचा हक्क एकाच घरातले. तुमच्या कार्यक्रमात दोन्हींना जागा हवी.

आता आईचं ‘मुंबईचं खूळ’. आईला एवढंच विचार, ३७७ कलम इथे आणलं कुणी? १८६० च्या दंडसंहितेत ते इंग्रजांनी घातलं. आणि या विषयावर मराठीत उघडपणे लिहिणारा माणूस आपल्याच मातीतला, दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत आणि त्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं देत. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न असत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबईच्या कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला, आणि कर्वे लिहीत राहिले. आज तू पत्र लिहितेस आणि मी उत्तर देते, त्या वाटेवर आधी कोण चाललं ते आईला कळू दे. त्यांच्या वडिलांची, धोंडो केशवांची गोष्ट तर आईला ठाऊकच असेल. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. आज त्याच गावाची ओळख त्यांच्या नावाने सांगतात.

‘लोक तुलाही तसलीच समजतील’ याचं उत्तर सोपं आहे. समजू देत. तुझ्या मित्राला जे रोज सोसावं लागतं, त्यातलं थोडं तुझ्या वाट्याला आलं तर बिघडत नाही. आईशी मात्र भांडू नको, तिला तुझी काळजी आहे.

त्या ‘गौळण’ हाकेबद्दल लिहायलाच हवं, कारण पत्रातलं तेच मला सगळ्यांत लागलं. नमनात गण झाला की गौळण येते. साडी नेसलेला, गजरा माळलेला मुलगा पुढे येतो, कृष्ण वाट अडवतो, गौळणीतली मावशी मध्ये तोंड घालते, आणि समोर बसलेले आजे-आज्या मान डोलावतात. खाली सिंधुदुर्गात दशावतारातल्या चांगल्या स्त्रीपार्टीला बघायला माणसं रात्री कुठून कुठून चालत येतात. ही आपली कला आहे, देवळासमोर चालते. आणि ही भूमिका करणारा प्रत्येक जण समलिंगी असतो असं समजू नये. बरेच जण चारचौघांसारखे संसारी बापये असतात. उलट ज्याला मुलगे आवडतात त्याला साडी आवडतेच असंही नाही. तेव्हा त्याच्या गौळणीवरून कुणी त्याच्याबद्दल काही ठरवत असेल तर ते तू खोडून काढायचंस, पण त्याचं गुपित न उघडता.

ते करता येतं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती केली. जात, धर्म, भाषा, रंग, दिसणं यांच्याबरोबर लिंगभाव आणि लैंगिक कल यांवरून केलेला छळही त्यात रॅगिंग म्हणून धरला आहे. वाळीत टाकल्यासारखं वागवणंही त्यात येतं. रोज उठून वर्गात ‘गौळण’ म्हणून हिणवणं बंद व्हावं यासाठी त्याने स्वतः कोण आहे हे सांगायची काही गरज नाही. छळ होतोय एवढं पुरे. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि तुमच्या पालकांनी जे रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून दिलंत, ते याचसाठी. रॅगिंगविरोधी समितीकडे जाता येतं, १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवर कळवता येतं. फक्त तक्रार करायची की नाही, हे त्याला विचारून ठरव. तोवर पुढच्या वेळी हाक आली की तू तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत त्याचं नाव घेऊन म्हण, “त्याला नाव आहे, त्या नावाने बोलवा.” एवढंच, मोठ्याने.

प्राचार्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. राष्ट्रीय सेवा योजनेचे सर आणि महिला विकास कक्षाच्या मॅडम यांना बरोबर घ्या, यूजीसीच्या त्या दुरुस्तीची प्रत न्या, आणि परवानगी मागताना हा नियम मराठीत मोठ्या अक्षरात फलकावर लावायचीही परवानगी मागा. ‘बघू’ म्हणणारा माणूस बऱ्याचदा कागद नसल्यामुळे ‘बघू’ म्हणत असतो.

कार्यक्रमातला सेल्फी पॉइंट काढून टाका. जो उभा राहतो त्याचा फोटो वाडीत जातो, जो टाळतो त्याच्याकडे बोट जातं. दोन्हीकडून तोच मुलगा अडकतो. ‘समोर या, मोकळे व्हा’ असला आग्रह माइकवरून कुणी करू नये. आपली गोष्ट सांगायला असं माणूस बोलवा, ज्याने ती सगळ्यांसमोर सांगायचं स्वतः ठरवलेलं आहे. मुंबईचा हमसफर ट्रस्ट समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांसाठी १९९४ पासून काम करतो आहे. त्यांना पत्र लिहा, कोकण रेल्वेचं तिकीट आणि राहायची सोय तुम्ही करा. तृतीयपंथी माणूस बोलायला आला तर जेवणाच्या पंगतीत त्याला कोपऱ्यात बसवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने तृतीयपंथींना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला, त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही होत्या, हे पथनाट्यात जरूर घ्या.

कोलकात्यात २ जुलै १९९९ ला भारतातली पहिली प्राइड फेरी, म्हणजे समलिंगी-तृतीयपंथी माणसांची अभिमानाची मिरवणूक निघाली, तेव्हा अवघी १५ माणसं चालली होती. पुढेही दिल्लीच्या पहिल्यावहिल्या मिरवणुकीत कित्येक जण मुखवटे घालून आले होते. मुखवटा म्हणजे लबाडी, असं निदान आपण कोकणातल्यांनी तरी म्हणू नये. तुमच्या दिवसाला पंधराच मुलं आली तरी चालेल. आणि मागच्या बाकावर बसून, काही न बोलता, सगळं ऐकून जाणारा एक जण असेल, त्याच्यासाठी हा कार्यक्रम आहे असं धरून चला. लायब्ररीत या विषयावरची दहा-बारा पुस्तकं एका टेबलावर ठेवता आली, जी कार्डावर नोंद न करता तिथेच बसून वाचता येतील, तर भाषणापेक्षा जास्त उपयोग होईल. तिथेच १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लावा. चोवीस तास फुकट, आणि मराठीतून बोलता येतं. रात्री दोनला होस्टेलच्या गच्चीवर एकटं बसलेल्याला तो नंबर पाठ असलेला बरा.

रांगोळी मात्र काढाच. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरने हा इंद्रधनुषी झेंडा पहिल्यांदा केला तेव्हा त्यात आठ रंग होते, पुढे सहा उरले. लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पोर्चमध्ये आत सरकून काढा, बाहेर काढलीत तर सरीबरोबर वाहून जाईल. तुझा मित्र तोंडाला रंग लावण्यात तयार असेल, त्याचा हातही बसलेला असेल, तरी रांगोळीला त्याला बोलवू नको. तो आपण होऊन आला, तर चिमूट पुढे कर.

कार्यक्रमाला तो येणार नाही असं धरूनच चाल. गणपतीत मात्र त्याला भजनाला बोलाव, दरवर्षी बोलावतेस तसंच. आईलाच फोन करायला लाव, “अरे, येतोस ना रे?” एवढंच विचारू दे. आला तर टाळ दरवर्षी ज्या खुंटीला असतात त्याच खुंटीला असू देत.

– मावशी