लॅब्राडॉर कुत्रा नक्की कुठला, लॅब्राडॉरचा की ब्रिटनचा?

लॅब्राडॉर कॅनडातल्या लॅब्राडॉर भागातून आला की ब्रिटनमधून, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरी नऊ वर्षांची काळी लॅब आहे, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा.

नावावर जाऊ नका. याचे पूर्वज लॅब्राडॉरच्या दक्षिणेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथल्या सेंट जॉन्स बंदरातल्या कोळ्यांनी पाळलेले काळे, आखूड केसांचे कुत्रे. छातीवर आणि पंजांवर थोडा पांढरा रंग. गळावरून निसटलेला मासा गारठलेल्या पाण्यात उडी टाकून धरायचा, दोर ओढून आणायचे, ही त्यांची रोजची कामं.

खारवलेला कॉड मासा घेऊन तिथली जहाजं इंग्लंडच्या पूल बंदरात यायची, त्यांच्याबरोबर हे कुत्रेही. बंदराजवळच माम्सबरीच्या अर्लची, म्हणजे तिथल्या उमरावाची, पाणथळ जमीन होती, बदकांच्या शिकारीची. पाण्यात पडलेलं बदक दात न लावता आणून देणारा कुत्रा म्हणजे शिकाऱ्याला सोन्याहून पिवळं! स्कॉटलंडमध्ये बक्लूच्या ड्यूकनीही असे कुत्रे मागवले होते. १८८० च्या दशकात माम्सबरींकडून बक्लू घराण्याला नेड आणि एव्हन हे दोन कुत्रे मिळाले, आणि आजच्या लॅबची वंशावळ त्यांच्यापर्यंत पोचते. १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, जातीला मान्यता दिली. म्हणजे रक्त न्यूफाउंडलंडचं, जात घडवली ब्रिटनने.

मूळ कुत्र्याचं मात्र वाईट झालं. मेंढ्या वाचवायच्या म्हणून न्यूफाउंडलंडात कुत्र्यांवर जबर कर बसवले, पुढे ब्रिटनने बाहेरच्या कुत्र्यांना क्वारंटाइन लावलं. विसाव्या शतकातच ती जात नामशेष झाली. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी आमच्या लॅबजवळ बराच वेळ बसून होतो.

ते कोळ्यांचं काम तिच्या अंगावर अजून दिसतं. आंघोळीची पहिली बादली पाठीवरून नुसती ओघळून जाते. केस बोटांनी दुभागले तर आतली दाट लव कोरडीच. शेपूट बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती, पाणमांजरासारखी. पोहताना तिचं सुकाणू होतं. पण हीच लव आपल्याकडच्या उन्हात तिला जाचते. एप्रिल-मेमध्ये आम्ही तिला सकाळी सातच्या आत फिरवून आणतो, आणि दुपारभर ती मोरीच्या गार फरशीवर पोट टेकून पडलेली असते.