संग्रहालयाच्या जुन्या वेबसाइटवर फ्लॅशमध्ये केलेले खेळ आहेत, ते आता उघडत नाहीत. नवी साइट करताना काढून टाकावेत की पुन्हा बनवून घ्यावेत? खर्च किती येईल?

आधी जुन्या सर्व्हरवरचा तो अख्खा फोल्डर उचलून दोन-तीन ठिकाणी ठेवा. मग पुढचं वाचा. उत्तर लांबणार आहे, कारण याच प्रश्नावरून माझं एका माणसाशी वाजलं होतं.

२००७ साली मी एका संग्रहालयासाठी असाच खेळ केला होता. पडद्यावर फुटलेल्या मडक्याची सतरा खापरं विखुरलेली. माउसनं उचलायची, फिरवायची, कडेला कड जुळवायची. नीट बसलं की ‘टक्’ असा आवाज. तो आवाज मी फुटक्या कुंडीचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून रेकॉर्ड केला होता. सोळा खापरं बसायची, सतरावं कुठंच बसायचं नाही. ही क्युरेटर बाईंची अट. उत्खननात भलत्याच मडक्याचं खापर मिसळलेलं असतंच, ते ओळखून बाजूला ठेवणं हे अर्धं काम, असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यात एक रिकामा ट्रे होता. सतरावं त्यात टाकलं की मगच मडकं पूर्ण. सूचना कुठंही नाही. मुलं वैतागायची, मोठ्यांना हाका मारायची, मोठे त्याहून वैतागायचे, आणि अचानक एखादं पोर ते खापर ट्रेमध्ये सोडून द्यायचं.

फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ आणि ॲनिमेशन चालवणारं जुनं सॉफ्टवेअर, बंद होणार हे ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं जुलै २०१७ मध्येच सांगितलं होतं. सपोर्ट संपला ३१ डिसेंबर २०२० ला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं फाइल चालवणंच थांबवलं. साडेतीन वर्षं हातात होती. त्या संग्रहालयाच्या नव्या साइटसाठी आमची पहिली मीटिंग झाली डिसेंबर २०२० मध्ये. मी म्हटलं, रफल नावाचा इम्युलेटर आहे, मूळ फाइल तशीच ब्राउझरमध्ये चालवतो, इंटरनेट आर्काइव्ह या जुनं वेब जपणाऱ्या संस्थेनं गेल्याच महिन्यात त्यावर जुन्या फ्लॅश फाइली चालू केल्यात. प्रोजेक्टचे प्रमुख म्हणाले, “जुन्या वस्तू गॅलरीत ठीक आहेत, वेबसाइटवर नकोत.” संग्रहालयात बसून!

मग नव्या व्हेंडरनं एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे आजच्या ब्राउझरमध्ये थेट चालेल असा, खेळ ‘तसाच’ बनवला. कशावरून, तर स्क्रीनशॉटवरून. खापरं फिरवायची सोय गेली, जवळ नेलं की आपोआप चिकटतात, दहा सेकंदांत मडकं तयार आणि वर रंगीत कागद उडतात. तपासणीच्या यादीत माझ्या सतराव्या खापरासमोर शेरा होता: ‘एक तुकडा जास्त आहे, काढला.’

म्हणून माझं मत सरळ आहे. मूळ खेळ चालताना पाहिल्याशिवाय कुणालाही तो पुन्हा बनवू देऊ नका. चित्रं काय, कुठूनही मिळतील. खेळ कसा वागतो ते स्क्रीनशॉटमध्ये येत नाही.

चालवणं अवघड नाही. एसडब्ल्यूएफ (.swf), म्हणजे फ्लॅश खेळाची तयार फाइल, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पहिली तीन अक्षरं FWS, CWS किंवा ZWS असली तर बहुधा ती शाबूत आहे. सर्व्हरनं एररचं पान त्याच नावानं सेव्ह करून दिलेलंही मी पाहिलंय. पानावर रफलची स्क्रिप्ट टाका. काहीच दिसलं नाही तर सर्व्हर रफलची वासम (.wasm) फाइल योग्य माइम टाइपनं, म्हणजे फाइलचा प्रकार नीट सांगून, देतोय का बघा. खेळ उघडला पण मजकूर नाही, तर मजकूर ठेवलेली बाहेरची एक्सएमएल फाइल हरवलीय. अख्खा फोल्डर उचला म्हणालो ते म्हणूनच. एफएलए, म्हणजे मूळ सोर्स, मिळाली तर देव पावला. नाही मिळाली तरी जेपीईएक्स डीकंपायलर हे तयार फाइल उलगडणारं सॉफ्टवेअर चित्रं, आवाज, स्क्रिप्ट सगळं बाहेर काढतं. माझी एफएलए माझ्याकडंही नव्हती. सतराव्या खापराचा नियम त्यातूनच सापडला, जेमतेम सहा ओळी.

आता काही गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. माझा खेळ ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रॅमिंगची भाषा) २ मधला होता. तुमचा ३ मधला असेल (तो २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ बरोबर आला), तर रफलमध्ये अजून काही गोष्टी अडतात. डायरेक्टर या वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये केलेलं शॉकवेव्ह असेल तर रफलचा उपयोगच नाही. अक्षरं ‘ब्रेक अपार्ट’ करून, म्हणजे नुसते आकार करून, टाकली असतील, आम्ही सर्रास करायचो, तर ती नुसती चित्रं. अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचणारा स्क्रीन रीडर काही वाचत नाही. आणि माझ्या खेळात खापरावर माउस नेला की कड उजळायची. फोनवर माउस कुठला? प्रमुखांचा नवा खेळ फोनवर छान चालतो, हे मान्य करावंच लागेल.

खर्च: रफल फुकट आहे, म्हणजे पहिला प्रयत्न एका दुपारचा. नव्यानं करून घेण्याचं कोटेशन त्यानंतर मागा, आणि व्हेंडरला चालता मूळ खेळ, त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि क्युरेटरनं लिहून दिलेले नियम हातात ठेवूनच आकडा सांगायला लावा.

माझा जुना खेळ मी मागच्या वर्षी रफलवर लावला आणि प्रमुखांना लिंक पाठवली. त्यांनी खेळून पाहिला. उत्तर आलं: “छान चालतंय. शेवटी एक तुकडा उरतोय, तेवढं दुरुस्त करा.”